उधाणाची खूण कशी ठेवावी

गवंडीकामात सगळ्यात लहान माप म्हणजे सूत. इंचाचे आठ सूत. भिंत एका सुतानं बाहेर गेली तर मालकाला कळत नाही, ओळंब्याला कळतं, आणि छपरापर्यंत जाईस्तोवर त्या सुताचं बोट झालेलं असतं. जगभरचा समुद्र २००६ ते २०१८ या काळात वर्षाला सरासरी ३.७ मिलिमीटर चढला. म्हणजे वर्षाला एक सूत, वर कणभर. सात वर्षांत इंच. मीटर-सेंटिमीटरच्या बातम्या मी बरीच वर्षं ऐकत होतो, पण गोष्ट डोक्यात शिरली ती सुतात मोजल्यावर.

मी अलिबाग तालुक्यात धरमतरच्या खाडीकाठी राहतो. थापी हातात घेतली त्याला चाळीसएक वर्षं झाली. निम्मं काम गावात, निम्मं किहीम-आवास-नागावला मुंबईकरांच्या बंगल्यांवर. आमची भातशेती खारातली. बांधाच्या आत खाचरं, बांधाबाहेर कांदळवन, त्यापलीकडे खाडी. मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडते, खारं पाणी शेतात शिरतं आणि गावात वाद सुरू होतो. पोरं म्हणतात, समुद्राची पातळी वाढली. माझी आत्या, वय ऐंशीच्या पुढे, म्हणते, "दर्या नाय वारला, बांद नासला." (आमच्या आगरी बोलीत वाढला तो वारला. बाहेरच्यांनी दचकू नये.)

आत्या म्हणते तेही खोटं नाही आणि पोरं म्हणतात तेही. कोणाचं किती, हे पारावर बसून ठरत नाही. त्याला खूण लागते, पाणी कुठवर चढलं ते दाखवणारी. निसर्ग वादळानंतर, २०२०च्या पावसाळ्याच्या शेवटी, मी ती ठेवायला लागलो. जमवलं कसं, कुठे चुकलो आणि तुमच्या गावात करायचं झालं तर काय करावं, ते सांगतो. सामान गवंड्याकडे असतंच. नसलं तर हजार रुपयांच्या आत येतं.

आधी वेळ काढायला शिका

खाडीवर जायचं कधी, हे मोबाइल न बघता कळलं पाहिजे. आपल्याकडचं जुनं गणित आहे: तिथीची पाऊणपट करा, ती भरती पूर्ण लागायची वेळ. चतुर्थी असेल तर चार त्रिक बारा, भागिले चार, तीन वाजता. दुपारी तीन आणि पहाटे तीन, दोन्ही. अष्टमीला सहा. तिथून सहा तासांनी ओहोटी. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. फक्त पुनव-अवसेच्या जवळ हे गणित मागे पडतं. पंधराचे सव्वाअकरा येतात, पण पाणी बाराच्या सुमारास लागतं. तिथे अर्धा-पाऊण तास पुढे धरा. हे मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याचं झालं. खाडीत जितकं आत जाल तितकं पाणी उशिरा लागतं. किती उशिरा, ते दोन दिवस काठावर बसून घड्याळात बघून घ्या.

अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तिला जोर नसतो. पुनव-अवसेला उधाण. पण सगळ्यात मोठं पाणी पुनवेला येत नाही, एक-दोन दिवसांनी येतं. आमच्याकडचे जुने लोक बीजेला बांधावर फेरी मारायचे ती त्यासाठीच.

आता सगळेच जे चुकवतात ते. लोकांना वाटतं, मोठं उधाण म्हणजे आषाढ-श्रावणातलं. पावसाळ्यात मोठी भरती दिवसा येते, म्हणून ती दिसते. मार्गशीर्ष-पौषातली तेवढीच मोठी भरती मध्यरात्री येते. आभाळ निरभ्र, वारा नाही, गाव झोपलेलं. ६ डिसेंबर २०२५ च्या रात्री, घड्याळात ७ तारीख लागल्यावर, मुंबईच्या भरती-ओहोटीच्या कोष्टकात भरती पाच मीटरच्या वर होती, दीडच्या सुमारास. तिथी द्वितीया. बे त्रिक सहा, भागिले चार, दीड. पंचांग आणि कोष्टक एकाच ठिकाणी आलं. अशा शांत रात्रीची नोंद सगळ्यात मोलाची, कारण त्यात पाऊस नाही, वादळ नाही. नुसता चंद्र, सूर्य आणि समुद्र.

कोष्टकातला आकडा काय सांगतो

"आज ४.८ मीटरची भरती" असं ऐकलं की लोकांना सोळा फुटांची लाट दिसते. तसं नसतं. तो आकडा जमिनीपासून मोजलेला नसतो. अगदी मोठ्या ओहोटीला पाणी जिथे जातं, त्याच्या आसपास एक शून्य धरलेलं असतं, तिथून वर मोजलेला असतो. मुंबईत या शून्यापासून समुद्राची सरासरी पातळी साधारण अडीच मीटरवर येते. म्हणजे ४.८ ची भरती सरासरीच्या सव्वादोन-अडीच मीटर वर. नेहमीचं उधाण ४.४ च्या आसपास. साडेचारच्या वर गेलं की मुंबई महापालिका पावसाळ्याआधी त्या दिवसांची यादीच काढते.

कोष्टक भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी छापतो, आणि बंदरांचे आकडे नेटवरही मिळतात. पण कोष्टक हा अंदाज आहे. तो चंद्र-सूर्याचा हिशेब मांडतो, हवेचा नाही. हवेचा दाब एक मिलिबार उतरला की पाणी साधारण एक सेंटिमीटर वर येतं. वारा दर्याकडून लागला की खाडीत पाणी कोंबलं जातं. वरून पावसाचं पाणी उतरत असेल तर तेही. कोष्टकात लिहिलेलं आणि तुम्ही खाडीत उभ्या केलेल्या मोजायच्या काठीवर दिसलेलं, यातला फरक म्हणजे खरी बातमी.

न हलणारी जागा

इथे मी पहिल्याच वर्षी आपटलो. बांधाजवळच्या विजेच्या खांबावर तांबड्या ऑइल पेंटनं रेघ मारली. दिसायला झकास. दुसऱ्या पावसाळ्यात खांब कलला. रेघ खाली आली म्हणून वहीत पाणी दोन इंच वर गेलेलं दिसायला लागलं, आणि मी सगळीकडे सांगत सुटलो. आत्यानंच विचारलं, "खांब बगलास काय?" वर्षाची नोंद फुकट गेली.

तेव्हा मूळ खूण अशा जागी ठेवा जी खचत नाही. उघडा काळा पाषाण सगळ्यात उत्तम. नाहीतर जुन्या देवळाची दगडी पायरी, ब्रिटिशांच्या वेळच्या पुलाचा खांब, जुन्या विहिरीचा कठडा. बांध नको, भराव नको. चिखलावर ओतलेलं नवं काँक्रीट तर अजिबात नको, ते वर्षानुवर्षं बसत राहतं. झाडावर खूण करू नका. कांदळवनातल्या झाडाला तर खिळासुद्धा मारायचा नाही. एक म्हणजे ती झाडं कायद्यानं राखलेली आहेत, आणि दुसरं, चिखलातलं झाड म्हणजे काय बेंचमार्क? जुन्या पुलावर किंवा देवळाच्या ओट्यावर जी. टी. एस. अशी अक्षरं कोरलेला दगड सापडला तर सोडू नका. तो सर्वेक्षण विभागाचा उंचीचा दगड असतो.

खूण छिन्नीनं कोरा, अर्धा इंच खोल, आडवी रेघ. रंग वरून द्या, पण रंगावर भिस्त ठेवू नका. आणि एक नाही, दोन खुणा करा, एकमेकींपासून लांब. दर वर्षी दोन्हींमधला फरक मोजा. तो बदलला तर समजा कुठली तरी एक हलली. माझी एक देवळाच्या पायरीवर आहे, दुसरी पाषाणावर. पाच वर्षांत फरक सुताच्या आत राहिलाय.

नळी आणि खडूची काठी

मध्यरात्री दीड वाजता चिखलात उभं राहून पाणी नेमकं कुठे थांबलं ते बघायचं, हे दोन-तीनदा हौसेनं होतं. नंतर सर्दी होते. त्यासाठी साधी युक्ती आहे.

दोन इंची पीव्हीसी पाइप घ्या, पाच-सहा फूट. खालचं तोंड टोपीनं बंद करा आणि खालच्या वीतभर भागात ड्रिलनं चार-पाच बारीक भोकं पाडा. वरही टोपी, पण तिला बाजूनं एक भोक, हवा जायला. ही नळी जेट्टीच्या किंवा पुलाच्या खांबाला क्लॅम्पनं उभी आवळा. ओळंबा लावून बघा, तिरकी नको. आत लाकडाची चपटी पट्टी सोडा, तिच्यावर आदल्या दिवशी खडू घासून ठेवा. निळा खडू बरा, वाळल्यावर सीमा स्पष्ट दिसते. पाणी नळीत जिथपर्यंत चढेल तिथपर्यंत खडू धुतला जातो. सकाळी चहा पिऊन जा, पट्टी काढा, टेप लावा, लिहा, खडू पुन्हा घासा.

भोकं बारीक का? बाहेर होडी गेली, लाट आली, तर ती आत शिरू नये. पाणी सावकाश चढावं, सावकाश उतरावं. भरती मोजायच्या जुन्या यंत्रांतही तरंगतं भांडं अशाच बारीक वाटेच्या विहिरीत ठेवलेलं असायचं. भोकं गाळानं बुजतात, शिंपले धरतात. महिन्यातून एकदा तारेनं साफ करा. आणि पट्टी नळीच्या तळाला टेकते की नाही ते बघा. माझी एकदा शेवाळात अडकून दीड इंच वर राहिली होती.

आता ही नळी कोष्टकाशी बांधायची. वारा पडलेला, पाऊस नसलेला असा दिवस निवडा, माघ-फाल्गुनातला चांगला. कोष्टकात समजा भरती ४.४ आहे. त्या दिवशी पट्टीवर जिथे पाणी लागलं तिथे ४.४ लिहा. असं पाच-सहा वेगवेगळ्या दिवशी करा, सरासरी काढा. मग पट्टी बोलायला लागते. पुढे कधी कोष्टक ४.७ म्हणालं आणि पट्टीनं ४.९ दाखवलं, तर वरचे २० सेंटिमीटर हवेचे किंवा पावसाचे.

पाण्याच्या पाइपनं उंची घरापर्यंत नेणं

हे गवंड्याचं खरं काम. इंजिनिअर दुर्बीण लावतो, आम्ही पारदर्शक नळी घेतो. पंधरा मीटर पाइप, बोटाएवढी जाड. पाणी दोन्ही टोकांना एकाच पातळीत उभं राहतं, मधे ती विहिरीत गेली काय आणि झाडावर चढली काय.

पाइप भरताना बादली उंच ठेवून एका टोकानं ओढून भरा आणि बुडबुडा राहिला का ते पूर्ण लांबीभर बघत जा. एक बुडबुडा आणि सगळं काम खोटं. भरल्यावर दोन्ही टोकं शेजारी धरा, पाणी सारखं दिसलं तरच निघा. चालताना अंगठ्यानं तोंड दाबा, वाचताना दोन्ही अंगठे काढा. नवशिके एकच काढतात.

खाडीतल्या खडूच्या पट्टीपासून सुरू करा, पंधरा मीटरवर खुंटी मारा, उंची तिच्यावर उतरवा, तिथून पुढची खुंटी. असं करत आधी कोरलेल्या खुणेपर्यंत, मग बांधाच्या माथ्यापर्यंत, मग शेतात, मग घराच्या उंबऱ्यापर्यंत. पोचलात की त्याच वाटेनं उलटं मोजत परत या. सुरुवातीच्या जागी एक इंचाच्या आत जुळलं तर ठीक. नाही जुळलं तर कुठेतरी कोणीतरी अंगठा काढला नव्हता.

मी हे केलं तेव्हा बांधापाशीच थांबलो, इतका बावचळलो. माझ्या खाचराचं तळ बांधाबाहेरच्या कांदळवनाच्या चिखलापेक्षा जवळजवळ दीड फूट खाली निघालं. दोनदा मोजलं. तिसऱ्यांदा मेहुण्याला पाइप धरायला लावून मोजलं. तेच.

कारण मागाहून समजलं, आणि समजल्यावर उघड वाटलं. बांधाबाहेर दर भरतीला गाळ येतो, तिवर, चिप्पी या कांदळवनातल्या झाडांची मुळं तो धरतात, जमीन हळूहळू वर येते. आत गाळ येणं आपण बांध घालून थांबवलं. आतली चिकणमाती उन्हाळ्यात तडकते, सुकते, बसते. आजोबा-पणजोबांनी शिलोत्रीचे (खाऱ्या जमिनीचं शेत करायचे जुने) बांध घातले तेव्हा आतबाहेर सारखं असावं. म्हणजे आमच्या खारात समुद्र एक सूत चढतो, तेव्हा वरून आमची जमीनही खाली गेलेली असते. आत्या आणि पोरं, दोन्ही बाजूंना अर्धे-अर्धे मार्क मी तिथेच दिले.

आणि कांदळवनाचंही कळलं. गाळ मिळत राहिला तर ते समुद्राबरोबर वर चढू शकतं. पाणी जास्त वेगानं चढलं तर त्याला मागे, जमिनीकडे सरकावं लागतं. मागे आमचा बांध. पुढून पाणी, मागून बांध, मधे तिवर, आणि त्या तिवराखाली निवट्या, चिंबोऱ्या, जिताड्याची पिल्लं. बांध फुटून तसाच राहिला की पहिली तिवराची रोपं शेतात उगवतात. पाच-सात वर्षांत शेताचं वन होतं, आणि २००५ च्या मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ते तोडता येत नाही. शेतकऱ्याला राग येतो, तो मला समजतो. माझंही एक खाचर त्यात गेलं. पण निसर्गच्या वेळी कांदळवनाच्या पाठीमागचा बांध टिकला आणि उघड्यावरचा गेला, हेही मीच पाहिलं.

वहीत काय लिहायचं

तारीख, तिथी, कोष्टकातला आकडा, पट्टीवरचा आकडा, वारा कुठून, पाऊस किती दिवसांचा, आणि शेवटच्या रकान्यात: पाणी कशावरून गेलं. बांधावरून, रस्त्यावरून, स्मशानाच्या शेडपर्यंत, अमक्याच्या अंगणात. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. शाळकरी पोरांना वाटतं, सूत-सूत मोजून आपण समुद्र वाढला हे सिद्ध करू. ते आपल्याच्यानं होणार नाही. चंद्राच्या कक्षेचा एक फेरा १८.६ वर्षांचा असतो, त्यानं मोठ्या भरत्या काही वर्षं थोड्या वाढतात, काही वर्षं थोड्या उतरतात. पाच-सात वर्षांच्या वहीत तो चढउतार समुद्र वाढल्यासारखा किंवा घटल्यासारखा दिसतो. मुंबईत अपोलो बंदरला १८७८ पासून नोंद आहे. एवढ्या लांब नोंदीतून वर्षाला एक मिलिमीटरहून थोडा कमी चढ निघतो, आणि अलीकडे, १९९३ पासून उपग्रह बघायला लागल्यावर, जगभर वेग वाढलेला दिसतो. हे काम त्यांचं.

आपलं काम वेळा मोजण्याचं. एक प्रयोग घरी बसून करा. वर्षाचं कोष्टक घ्या. ४.८ च्या वरच्या भरत्या किती, त्या मोजा. मग ४.७ च्या वरच्या. मग ४.६ च्या. दर दहा सेंटिमीटरला आकडा कसा फुगतो ते बघा. आता समजा तुमचा रस्ता ४.८ ला बुडतो आणि समुद्र दहा सेंटिमीटर चढला. रस्त्यावर पाणी आधीपेक्षा दहा सेंटिमीटर जास्त दिसेल, ते एक वेळ चालेल. पण आज ४.७ ची भरती जितक्या वेळा येते, तितक्या वेळा रस्ता बुडेल. सूत कोणाला दिसत नाही. "यंदा एसटी किती वेळा आली नाही" हे सगळ्यांना आठवतं.

बांध फुटल्यावर तलाठी पंचनाम्याला आले, तेव्हा मी वही पुढे केली. त्या दिवशी भरती किती, वारा काय, खांड कुठून सुरू झाली, सगळं तारखेनिशी होतं. अर्जाला झेरॉक्स जोडली. "दरवर्षी पाणी येतं साहेब" या वाक्यापेक्षा ती दोन पानं जास्त कामाला आली.

उघाडी किती वेळ उघडी

खारातल्या माणसाला हे सांगायला नको, इतरांसाठी सांगतो. बांधात झडपेचं दार असतं, ती उघाडी. ओहोटीला बाहेरचं पाणी खाली गेलं की आतल्या पाण्याच्या जोरानं दार उघडतं, पावसाचं पाणी निघून जातं. भरतीला बाहेरच्या जोरानं बंद होतं. बाहेरचं पाणी थोडं वर राहायला लागलं की दार उशिरा उघडतं, लवकर मिटतं. आत पाऊस तेवढाच, बाहेर जायला वेळ कमी. भात कुजतं ते बऱ्याचदा खाऱ्या पाण्यानं नाही, असं कोंडलेल्या गोड्या पाण्यानं.

मुंबईची अडचण मुळात हीच आहे, फक्त उघाडी मोठी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यात भरती लागली. नाल्यांची तोंडं समुद्राच्या पातळीला, पाणी जाणार कुठे? नंतर हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह अशा ठिकाणी पंप बसले. दारं मिटली की पंपानं उचलून समुद्रात टाकायचं. आमच्या उघाडीला कोण पंप देणार?

मोजायचं असं: दार उघडलं ती वेळ लिहा, मिटलं ती वेळ लिहा. एका पुनवेला, एका अष्टमीला, दर वर्षी त्याच महिन्यांत, पाऊस नसताना आणि असताना. तास कमी होत चाललेत का बघा. पण लगेच समुद्राच्या नावानं शंख करू नका. उघाडीबाहेरची नाळ गाळानं भरली तरी तास कमी होतात. आमच्याकडे एका वर्षी दीड तास घटला होता. नाळ साफ केली, सव्वा तास परत आला. उरलेला पाव तास वहीत आहे.

विहीर असेल तर

वाडीवाल्यांनी तीन-चारशे रुपयांचा टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा) घ्यावा आणि महिन्यातून एकदा, उधाणाच्या दुसऱ्या दिवशी, पाणी मोजावं. पिण्याला लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत चांगलं, दुसरी सोय नसेल तर २००० ही शेवटची हद्द. किनाऱ्याला गोडं पाणी खाऱ्यावर तरंगत असतं. समुद्रपातळीच्या वर एक फूट गोडं पाणी असेल तर खाली साधारण चाळीस फूट. वरचा एक फूट उपसलात की खालून खारं पाणी तेवढं चढायला बघतं. तेव्हा आकडा वाढला तर आधी शेजाऱ्याच्या बोअरवेलचा पंप किती वेळ चालतो ते बघा, मग दर्याकडे.

जोतं किती घ्यावं

खूण ठेवायला लागल्यापासून लोक मला हेच विचारतात. मी इंजिनिअर नाही, माझा ठोकताळा सांगतो. गावातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला घेऊन फिरा आणि त्यानं पाहिलेलं सगळ्यात वरचं पाणी कुठे लागलं होतं ते दाखवायला सांगा. पाइपनं ती उंची प्लॉटवर आणा. त्यावर एक फूट लाटेचा आणि गाडी गेली की उसळणाऱ्या पाण्याचा. त्यावर आणखी दोन फूट तुमच्या नातवंडांचे. शास्त्रज्ञांचा २१०० पर्यंतचा अंदाज, या शतकाच्या सुरुवातीच्या पातळीपासून, साधारण २८ सेंटिमीटर ते एक मीटर असा आहे. किती, ते जग किती धूर सोडतं त्यावर. एक मीटर आला तर माझे दोन फूट पुरणार नाहीत, हे मी मालकाला तोंडावर सांगतो. वायरिंगचे बोर्ड कमरेच्या वर घ्या, सेप्टिक टँकचं झाकण जोत्याच्या पातळीला आणा. आणि प्लॉटवर भराव टाकून उंची घेऊ नका, ते पाणी शेजाऱ्याकडे जातं. जोत्याखाली मोकळे खांब घ्या, पाणी आलं तर जाऊ दे खालून.

समुद्राकाठी भिंत मागणाऱ्यांना मी आता नाही म्हणतो. पूर्वी एक बांधली होती, पुळणीच्या कडेला, भक्कम दगडी. लाट भिंतीवर आपटली की परत जाताना पायथ्याची वाळू ओढून नेते. दोन पावसाळ्यांत पाया उघडा पडला, तिसऱ्यात भिंत पालथी. भिंतीच्या दोन्ही टोकांना शेजारच्या वाड्यांची वाळू जास्तच कापली गेली आणि तिथली सुरूची झाडं मुळासकट आडवी झाली. मजुरी मिळाली होती, पण त्या वाटेनं जायला अजून नको वाटतं.

काही गोष्टी करू नका

वादळाच्या दिवशी काठी बघायला जाऊ नका. खडूची पट्टी तुमच्यासाठी तिथे उभी आहेच. हैदराबादची इन्कॉइस संस्था उंच लाटांचा इशारा देते, तो आला की नळीकडे दुसऱ्या दिवशी. भरती लागत असताना बांधावर उभं राहू नका, बांध आतून पोखरलेला असतो आणि खांड पडताना आधी कळत नाही. चिखलात एकट्यानं उतरू नका. निसर्ग ३ जून २०२० ला श्रीवर्धन-दिवेआगरकडे जमिनीवर आलं तेव्हा दुपार होती. तिथी धरा, द्वादशी-त्रयोदशी. भरती सकाळी नऊ-दहाला लागून गेली होती, पाणी उतरतीला होतं. तेच वादळ रात्री पावणेदहाच्या भरतीवर आलं असतं तर माझ्या नळीला बांधायला खांबही राहिला नसता.

वहीला एकोणीस वर्षं तरी हवीत, चंद्राचा फेरा पुरा व्हायला. मी एकसष्टचा आहे. म्हणून यंदापासून भाचीच्या मुलीला बरोबर नेतो. सातवीत आहे, पाइपचे दोन्ही अंगठे वेळेवर काढते, खडू माझ्यापेक्षा सारखा घासते. मागच्या महिन्यात तिनं जुनी पानं वहीतून मोबाइलमध्ये चढवायला घेतली आणि तिसऱ्याच पानावर अडली. माझा १ आणि ९ सारखाच दिसतो. पट्टीवर ११ इंच होते की १९, हे तिनं विचारलं आणि मला सांगता आलं नाही. तिनं त्या ओळीपुढे प्रश्नचिन्ह टाकलं, पेन काढून घेतलं, आणि आता आकडा मी बोलायचा, लिहायचा तिनं.